हातोड्याला घातलेलं तेल

लढाई चालू होती तेव्हा माझी नोकरी अशी होती, की कर्जतजवळच्या आमच्या दहिवलीत ती कुणाला समजावून सांगता येत नसे. आई शेजारणींना सांगायची, "त्यो लोकंडाचा डाक्तर हाय." मी म्हणायचो, डॉक्टर नाही गं, डॉक्टर ताप बघायला जी काचेची नळी लावतो ती नळी खरं बोलते की नाही एवढं बघणारा माणूस आहे मी. त्यावर आई म्हणायची, "मंजे डाक्तरापेक्षा मोटा." तिच्यापुढे मी हात टेकले होते.

मी तपासायचो ते यंत्र असं असतं. लोखंडी चौकटीत वरच्या आसाला एक जड हातोडा झोक्यासारखा टांगलेला असतो. तो एका बाजूला उंच उचलून खिटीला अडकवायचा. खाली मधोमध, ज्या लोखंडाची परीक्षा करायची त्याचा बोटाएवढा, एका अंगाला खाच पाडलेला तुकडा ठेवायचा. खिटी ओढली की हातोडा खाली येतो, तुकडा तोडतो आणि दुसऱ्या बाजूला वर चढतो. तुकडा ठिसूळ असेल तर हातोड्याला त्याचं काहीच वाटत नाही, तो चांगला उंच जातो. तुकडा चिवट असेल तर तो हातोड्याचा बराच जोर खातो, आणि हातोडा थोडाच वर चढतो. तुकड्याने किती जोर खाल्ला ते बाजूच्या तबकडीवरचा काटा दाखवतो. साखळ्या, ओझी अडकवायचे आकडे, रेल्वेच्या डब्यांचे जोड, असल्या वस्तूंचं लोखंड लढाईच्या काळात या परीक्षेशिवाय पुढे जात नसे.

मला या यंत्रांचा मनापासून राग होता. घड्याळ बिघडलं की कधी पुढे जातं, कधी मागे पडतं. हे यंत्र बिघडलं की बहुतेक वेळा एकाच बाजूला चुकतं. आस जड झाला, पायाचे बोल्ट ढिले पडले, चौकट हलू लागली, काहीही होवो, हातोड्याचा जोर भलतीकडे खर्ची पडतो. मग तो कमी उंच चढतो आणि काट्याला वाटतं, सगळा जोर तुकड्यानेच खाल्ला. आळस हातोड्याचा आणि शाबासकी लोखंडाला. म्हणजे बिघडलेलं यंत्र सहसा कडक होत नाही, दयाळू होतं. चांगल्याला वाईट म्हणालं असतं तर निदान कुणाचा जीव गेला नसता. पण ते वाईटाला चांगलं म्हणतं, आणि ते वाईट लोखंड मग माणसांच्या डोक्यावर टांगलं जातं.

खालापूरच्या बाजूच्या त्या कारखान्यात मला पाठवलं ते माणूस मेल्यानंतर. आमच्या खात्याला यंत्रांची आठवण तेव्हाच व्हायची.

कर्जतला उतरलो. पेट्रोल मिळत नव्हतं म्हणून पाठीला कोळशाची भट्टी बसवलेल्या मोटारी तेव्हा चालत. चढ आला की उतारूंनी उतरून ढकलायचं आणि धूर खायचा. मी कुठे निघालोय ते कळल्यावर ड्रायव्हरने सगळी हकिगत मला वाटेतच ऐकवली. कारखान्यात दोघे सख्खे भाऊ कामाला होते. थोरला लोखंड तपासायच्या यंत्रावर आणि धाकटा विंचावर, म्हणजे साखळीने ओझी उचलायच्या रहाटावर. एका थंडीच्या सकाळी जुना बॉयलर उचलून बाजूला ठेवायचा होता. साखळी कारखान्याचीच, नवी कोरी. धाकटा विंच फिरवत होता आणि थोरला खाली उभा राहून बॉयलरला बांबूने दिशा देत होता. साखळी तुटली. थोरला जागच्या जागी गेला.

"धाकट्यानं झटका दिला," ड्रायव्हर म्हणाला. "जिमिनीची वाटनी व्हायची व्हती. भावानं भावाला मारला, दुसरं काय?"

"तुम्ही होता तिथे?" मी विचारलं.

"मी कशाला आसंन? पन सारा गाव बोलतोय."

पुढचा चढ आला तेव्हा मी ढकलायला उतरलो नाही.

कारखाना म्हणजे पूर्वीची भाताची गिरणी. कोंड्याचे ढीग तसेच होते आणि त्यांच्या पलीकडे साखळ्या घडवायच्या भट्ट्या धडधडत होत्या. लढाईमुळे कुठलंही लोखंड येत होतं, मोडीतलं, ओळख नसलेलं, आणि त्याच्याच साखळ्या होऊन बंदराकडे जात होत्या. मॅनेजर मूळचा गिरणीचाच माणूस. तांदूळ बोटांनी चोळून जात सांगेल, पण लोखंडातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. माणूस वाईट नव्हता, घाबरलेला होता. त्याने मला चहा दिला आणि लगेच मुद्द्यावर आला.

"साखळीचं लोखंड यंत्रावर पास झालेलं आहे. यंत्र खोटं बोलत नाही. म्हणजे विंचावरचा हात चुकला, हे उघड आहे. फौजदार तुमच्या कागदासाठी थांबलेत. यंत्र बरोबर आहे एवढं तुम्ही लिहून द्यायचं, की त्या पोराला ते घेऊन जातील."

"आणि बरोबर नसलं तर?"

"नसेल कसं?" तो म्हणाला. "आकडे किती छान येतायत!"

हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. पण मी चहा संपवला.

धाकटा मला कोंड्याच्या ढिगाआड सापडला. पंचवीसेक वर्षांचा असेल, अंगाने दणकट, पण डोळे खोल गेलेले. कारखान्याबाहेर जायचं नाही असा फौजदाराचा हुकूम होता, पण त्याची काही गरज नव्हती. जायला त्याला जागाच उरली नव्हती. भाऊ गेल्यापासून वहिनीने त्याला उंबरा ओलांडू दिला नव्हता. लग्न झालेलं नाही, आई लहानपणीच वारलेली, या वहिनीनेच त्याला वाढवलेलं. तो मजुरांबरोबर कुठेतरी दोन घास खायचा आणि कोंड्यातच झोपायचा.

मी दहिवलीचा म्हटल्यावर तो जरा मोकळा झाला. "सायेब," तो म्हणाला, "मी झटका दिला नाय. रोजच्यासारका फिरवत व्हतो. पन आता माजं मलाच कळंना झालंय. समदी इतक्यांदा बोलल्यात, की वाटतं, दिलाबी आसंल."

मी त्याला सांगितलं, की यंत्र तपासल्याशिवाय कुणी काही बोलायचं नाही, त्यानेही नाही.

यंत्राची खोली उघडली आणि मी दारातच थांबलो. अख्खं यंत्र शेंदराने माखलेलं होतं. हातोड्याला रुईच्या पानांची वाळलेली माळ होती. वर आसाच्या दोन्ही टोकांना शेंदूर आणि तेलाचा बोटभर जाड थर होता, आणि तेल ओघळून चौकटीवर त्याच्या लाल रेघा सुकल्या होत्या. खोलीला लागूनच भट्टीची भिंत होती, त्यामुळे आत उबारा होता आणि देवळातला वास.

"ह्यो मारुती हाय," धाकटा दाराबाहेरूनच म्हणाला. "दादा म्हनायचा, ही त्याची गदा. दर शनवारी तेल शेंदूर घालायचा. कुनाला चपला घालून आत येऊ द्यायचा नाय."

मी चप्पल काढली. देवाला भिऊन नव्हे. तो दाराबाहेर उभा होता आणि त्याचा भाऊ मेला होता, म्हणून.

आधी पाणसळ लावून चौकट बघितली. सरळ होती. पायाचे बोल्ट ठोकून बघितले, घट्ट होते. हातोडा आडवा धरून त्याचं टोक वजनकाट्यावर टेकवलं आणि वजन केलं. तेही जितकं हवं तितकंच भरलं. इथपर्यंत मॅनेजर माझ्या मागे उभा राहून प्रत्येक वेळी "बघा!" म्हणत होता.

मग मी हातोडा वर चढवला, खाली तुकडा न ठेवताच. सगळ्यात सोपी आणि सगळ्यात मोलाची परीक्षा ही. खाली काहीच नसताना हातोडा सोडायचा. तोडायला काही नाही म्हटल्यावर तो समोर जवळजवळ तितकाच वर गेला पाहिजे आणि काटा शून्यावर आला पाहिजे. कुणी काही खाल्लंच नाही, तर हिशेब शून्य.

मी खिटीला हात घातला तसा दाराशी जमलेल्या माणसांत एकदम गलका झाला. "सायेब, रिकामा नका सोडू! रिकामा नका सोडू!"

मी मागे वळलो. धाकटा आत आला होता, चपलांसकट, आणि त्याने माझा हात धरला होता. "रिकामा पाळना हलवत न्हाईत, सायेब. दादानं कदी हलवू दिला नाय."

मला आधी समजलंच नाही. मग समजलं. आमच्याकडे रिकामा पाळणा हलवत नाहीत. हलवला तर घरातल्या पोराला ते बाधतं. दाराशी कुणीतरी हळूच सांगितलं, थोरल्याला एकच पोर झालं होतं, तेही पाळण्यातच गेलं होतं. त्यानंतर त्या माणसाने काहीही रिकामं झुलू दिलं नव्हतं, झाडाला बांधलेला झोकासुद्धा नाही. हे यंत्र कारखान्यात आलं तेव्हा कुणी साहेबाने त्याला दोन दिवस शिकवलं असेल, रोज सकाळी रिकामा हातोडा सोडून बघायलाही सांगितलं असेल. तो मान डोलावून हो म्हणाला असेल, आणि साहेबाची पाठ फिरल्यावर त्याने ते कधीही केलं नसेल. खाली तुकडा असल्याशिवाय हातोडा त्याने एकदाही सोडला नाही. मॅनेजरला तर अशी काही परीक्षा असते हेच ठाऊक नव्हतं.

"हात सोड," मी म्हटलं. "हे बघितल्याशिवाय तुझं काही खरं नाही."

त्याने हात सोडला. मी खिटी ओढली.

हातोडा खाली आला, रिकामी जागा ओलांडून पलीकडे गेला, आणि अर्ध्या वाटेवरून दमलेल्या माणसासारखा परत फिरला. दोनचार हेलपाटे घातले आणि थांबला. चांगल्या यंत्राचा हातोडा असा सोडला तर कितीतरी वेळ झुलत राहतो, माणूस बघून कंटाळतो. मी काट्याकडे बघितलं. खाली काहीच नव्हतं, तरी काटा सांगत होता, की उत्तम चिवट लोखंड तुटलेलं आहे. नुसत्या हवेला त्या यंत्राने पास केलं होतं.

मॅनेजरचं "बघा" बंद झालं होतं.

मग मी आसाची टोकं उघडली. बेअरिंगमध्ये आतपर्यंत शेंदूर आणि तेल गेलं होतं आणि भट्टीच्या उबेने त्याचं वाळून लाल लुकण झालं होतं. नळ बसवणारे लोक पेचांना शेंदूर आणि तेल लावतात ते काही भक्तीने नव्हे. ते वाळलं की दगडासारखं धरून ठेवतं. थोरल्याने आपल्या मारुतीला शनिवारमागून शनिवार, सगळ्यात वर जिथे त्याला देवाचं डोकं दिसत होतं तिथे, मनोभावे तेच चोपडलं होतं. यंत्र नवं असताना ते बरोबरच असणार. मग दर आठवड्याला थोडं थोडं दयाळू होत गेलं. आकडे छान येत गेले, आणि तो ते मॅनेजरला अभिमानाने दाखवत गेला.

तुटलेल्या कडीचे तुकडे मी मागून घेतले. तुटलेली बाजू खडीसाखरेसारखी चमकत होती. चिवट लोखंड असं तुटत नाही, ते आधी ओढलं जातं, तंतू दाखवतं. बेअरिंग घासून स्वच्छ केल्यावर रिकामा झोका मी पुन्हा घेतला, काटा शून्यावर आला. मुंबईच्या यंत्रावर पारखलेल्या गजाचे तुकडे मी बरोबर आणले होते, ते तोडले, आकडे जुळले. मग त्या कडीतून तुकडा कापून घेऊन तोडला. हातोड्याला वाटेत काही लागलं हेसुद्धा जाणवलं नाही. थंडीत असलं लोखंड आणखीच ठिसूळ होतं. त्या थंड सकाळी ती साखळी कुणाच्याही हाताने तुटली असती. विंचावर खुद्द देव असता तरी तुटली असती.

धाकट्याला मी हे सांगितलं तेव्हा मला वाटलं, तो रडेल किंवा माझे पाय धरेल. मनातून मी थोडा फुशारलोही होतो. माझ्या नोकरीत कुणाला सोडवायची वेळ कधी येत नाही. त्याने घासून काढलेल्या लाल लुकणाचा तुकडा उचलून नाकाशी धरला. मग म्हणाला, "ह्ये वैनीला सांगू नका."

"का? अरे, तिलाच तर आधी सांगायचं. ती तुला घरात घेईल."

"तेल तिचं हाय," तो म्हणाला. "दर शनवारी वाटी भरून द्यायची. करडईचं. भाजीत कमी घालून, दिव्यात कमी घालून. दादा आनि पोर दोगांच्या नावानं मारुतीला म्हनून."

मी म्हटलं, तेलाचा यात काय दोष, दोष न शिकवणाऱ्याचा, दोष कारखान्याचा. मी बरंच काही म्हटलं. मी बरोबर होतो, आणि बरोबर असलं की माणूस फार बोलतो. शेवटी मी त्याला घेऊन कारखान्यामागच्या गावात गेलोच. गुन्हा नसताना हा कोंड्यात झोपणार, आणि जिने याला वाढवलं ती याला खुनी समजणार, हे मला सहन होत नव्हतं.

दुपार होती. वहिनी ओटीवर भात पाखडत बसली होती. तिशीच्या आतबाहेरची बाई, कपाळ मोकळं. धाकटा अंगणातच थांबला, त्याच्याकडे तिने बघितलंही नाही. मी दहिवलीचा, अमक्यातमक्याचा मुलगा, अशी ओळख दिली. तिने पाट दिला, पाणी दिलं. मग मी तिला सोप्या शब्दांत सांगितलं. जात्याच्या खुंट्यात पीठ अडकून वाळलं की जातं जड फिरतं, तसं यंत्राचं झालं होतं. म्हणून वाईट लोखंड चांगलं ठरलं, म्हणून साखळी तुटली. याच्या हाताचा काही संबंध नाही.

तिने सूप खाली ठेवलं. "खुंट्यात काय अडकलं व्हतं?"

मी गप्प राहायला हवं होतं असं कुणी म्हणेल. पण खोटं बोलायला मी तिथे गेलो नव्हतो. "शेंदूर," मी म्हटलं. "आणि तेल."

ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "मंजे माज्या तेलानं माजा नवरा मारला?"

"तसं नाही. तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, त्यांनाही कुणी…"

"भाऊ, इचारलं त्ये सांगा."

तेवढ्यात अंगणातून धाकटा बोलला, मोठ्याने, शेजारच्या घरांतही जाईल असं.

"खोटं हाय, वैनी. सायबाला यंत्राचं कळतं, विंचाचं नाय कळत. झटका मीच दिला. थंडीनं हात सुटला माजा. दुसऱ्या कशाचा काय संबंद नाय."

"ए, गप!" मी ओरडलो. "काय बोलतोयस तू?"

"खरं बोलतोय," तो म्हणाला. शेजारच्या दारांत बायका येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्या ऐकत होत्या, आणि त्याला तेच हवं होतं.

वहिनीने तेव्हा पहिल्यांदा त्याच्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. ज्या पोराचं नाक पुसलं त्याचं खोटं बाईला ओळखू येत नाही असं मी मरेपर्यंत मानणार नाही. तिने सूप उचललं आणि ती आत गेली.

परतताना मी त्याला वाटेत धरून हलवलं. शिव्या दिल्या. म्हटलं, तुला तुरुंगात घालतील, लढाईचे दिवस आहेत, कारखान्यातला घातपात म्हणून वाटेल ते लावतील. तो शांतपणे माझ्या हातातून सुटला.

"सायेब, मी गेलो तर एक मानूस गेला. तिच्या तेलाचं कळलं तर गाव तिला जगू देल का? नवऱ्याला खाल्ला म्हनतील. आनि गावाचं सोडा. तिनं स्वताला काय म्हनायचं? मारुतीला तेल घातलं म्हनून नवरा मेला, ह्ये घेऊन तिनं त्या घरात एकटीनं ऱ्हायाचं?"

"आणि तुझं काय?"

"मी तसाबी रोज त्येच ऐकतोय," तो म्हणाला.

मी माझा कागद लिहिला. एक अक्षर कमी केलं नाही. आस जड होता, यंत्र खोटं मोजत होतं, रिकाम्या झोक्याची परीक्षा कधीच झालेली नव्हती, या यंत्रावर पास झालेली प्रत्येक साखळी परत तपासावी. मॅनेजरने तो वाचला आणि घाम पुसला. पण तोवर धाकटा फौजदारापुढे जाऊन सगळं कबूल करून आला होता, आणि मॅनेजरचा चेहरा उजळला होता. मी खालापूरला जाऊन फौजदाराला गाठलं. साखळी कशीही तुटणारच होती, पोरगा खोटं बोलतोय, असं हात आपटून सांगितलं.

फौजदार मिशीत हसला. "तुमचं यंत्र खोटं बोलत होतं, कबूल. पण माणूस खरं बोलतोय ना? शिक्षा मागून घ्यायला कोण खोटं बोलतं हो?"

माझा कागद फायलीत लागला. बंदराकडे गेलेल्या साखळ्या परत आल्याचं मी कधी ऐकलं नाही.

तिसऱ्या दिवशी त्याला न्यायला शिपाई आला. मीही त्याच वाटेने कर्जतकडे निघालो होतो, म्हणून बरोबर चाललो. वाट गावातून होती. घरासमोर आलो तेव्हा वहिनी दारात उभी होती. तिने त्याच्याकडे न बघता मला सांगितलं, "जेवून जा म्हनावं."

शिपाई भला होता. तो ओटीच्या कडेला बसला आणि विडी पेटवली. धाकट्याने अंगणात पाय धुतले. उंबऱ्याशी तो क्षणभर थांबला, ती बाजूला झाली आणि तो आत गेला. मला तिने ओटीवर पाट मांडून दिला. दार उघडं होतं, तिथून मला स्वयंपाकघर दिसत होतं.

तांदळाची भाकरी होती, वालाचं बिरडं होतं आणि भात. वालाला मोड आणून ते सोलायला दोन दिवस लागतात. म्हणजे तो अंगणातून ओरडला त्याच संध्याकाळी तिने वाल भिजत घातले असणार. तो खाली मान घालून जेवत होता. ती समोर बसून वाढत होती. त्याचं ताट मोकळं झालं की न विचारता वाढायची, आणि तो नको म्हणत नव्हता. तिने एकदा बाहेर येऊन शिपायाला एवढंच सांगायला हवं होतं, की हे पोर खोटं बोलतंय, तेल मी दिलं होतं. मी तिची वाट बघत होतो. मनातल्या मनात तिच्या अंगावर ओरडत होतो, बोल, बाई, बोल. माझ्या कागदाने झालं नाही ते तिच्या एका शब्दाने झालं असतं.

तिने पुन्हा भात वाढला.

शिपायाने विडी विझवली आणि आत हाक दिली. धाकट्याने ताट स्वच्छ केलं, हात धुतले आणि वाकून तिच्या पायांना हात लावला. तिने पाय मागे घेतले नाहीत. "पोट भरलं का रं?" तिने विचारलं. तो हो म्हणाला आणि बाहेर येऊन शिपायाच्या पुढे चालू लागला.